जिनेवालीच्या पलंगावरच्या बाटल्या

दारूचं खोकं तळघरात आलं ते दातवाल्या बाईंच्या स्वतःच्या हातांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण या बाई दातांच्या डॉक्टर, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात आणि कचऱ्याची पिशवीसुद्धा कधी स्वतः खाली आणत नाहीत. त्या दिवशी मात्र खोकं पोटाशी धरून, पायाने एकेक पायरी चाचपत, तान्हं मूल आणावं तशा उतरल्या.

जिनेवालीला वाटलं, काहीतरी फुटलंय, आता बोलणी बसणार. वरचं माणूस तिच्या दारापर्यंत यायचं ते बोलणी द्यायलाच. पण बाई हसल्या. मुलीचं लग्न ठरलंय म्हणाल्या. मेजवानीसाठी भावाने लाल वाइन पाठवलीय, जुनी आणि भारी. आमच्याकडे गच्चीखाली नुसती भट्टी पेटलेली असते, फ्रिजमध्ये ठेवावी तर फार गार पडते, त्यात स्वयंपाकघराची तोडफोड काढलीय. थोडेच दिवस तुझ्या खोलीत ठेवू का? असं म्हणत त्यांनी खोलीत एक गिरकी घेतली आणि खरोखर खूश होऊन म्हणाल्या, "किती छान गारवा आहे गं इथे. आणि उजेडसुद्धा नाही."

ती खोली मी पाहिली आहे. जिन्याच्या पोटात, रस्त्याच्या खाली, पंपाच्या शेजारी. खिडकी नाही. एक झरोका आहे, त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला दिसतात. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. तिची सासू याच खोलीत खोकून खोकून गेली आणि डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं की ही जागा माणसाने राहायची नाही. उजेड नाही, वारा नाही, बारा महिने गार. माणसाला जे जे वाईट ते ते या बाटल्यांना अगदी फर्मास निघालं. मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. जिनेवालीचं फिरलं नाही. उलट तिला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या खोलीला चांगलं म्हटलं होतं.

बाईंनी रीतसर समजावून दिलं. बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. बूच सुकलं की हवा शिरते आणि सगळं आंबून जातं. शेगडीपासून लांब ठेवायच्या, दिव्याखाली ठेवायच्या नाहीत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हलवायच्या नाहीत. तळाला गाळ बसलेला असतो, तो ढवळला की चव मेली. "अजिबात हलता कामा नयेत," असं बाई दारातून वळूनही एकदा म्हणाल्या.

आता ही जिनेवाली कोण, ते सांगतो. तिचं नाव त्या इमारतीत कुणाला माहीत नसावं. जिने झाडते म्हणून जिनेवाली. आधी तिची सासू जिनेवाली होती. सासू गेली तशी झाडू आणि खोली दोन्ही हिच्याकडे आली. करार असा, की जोवर झाडू हातात तोवर डोक्यावर छप्पर. कागदावर काही नाही. भाडेकरू नाही, मालकीण नाही, नोकरही नाही. इमारतीत किती घरं असं विचारलं तर हिचं घर कुणी मोजत नाही. ही खोली गेली तर तिला जायला दुसरी जागा नव्हती. एक नणंद होती गावाबाहेर, पण नणंदेच्या दारात किती दिवस पाय ठेवायचा हे सांगायला नको.

नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर. उभा जन्म त्या यंत्रापुढे काढल्यामुळे कान गेलेले. बायको ओरडून बोलते आणि तो हळू बोलतो, त्यामुळे बाहेरच्याला वाटतं ही बया त्याला रोज झापते. झापतेही, पण रोज नाही.

या दोघांची एक खोड आहे. वाईट म्हणवत नाही, पण सांगायलाच हवी. काहीही मोडलं की ही दोघं ते दुरुस्त करतात आणि गप्प बसतात. पायरीचा कोपरा उडाला, की तिने वाटीभर सिमेंट कालवून लिंपला. कठडा डुगडुगला, की त्याने खिळा मारला. का? तर वर कुणाच्या नजरेला पडलं की बोट जिनेवालीकडे दाखवतात. जिना तिचा, म्हणून जिन्याचं दुखणंही तिचं. तक्रार निघायच्या आत तिचा पुरावा नाहीसा करायचा, ही विद्या तिला सासूने दिलेली. या विद्येवर एका कुटुंबाने दोन पिढ्या छप्पर टिकवलं.

शेजारच्या जागेत जुनं गोदाम होतं. ते पाडलं, भोवती पत्रे ठोकले आणि खणायला सुरुवात झाली. वर मोठं दुकान होणार, खाली गाड्या ठेवायला तीन-चार मजले. पत्र्याच्या फटीतून डोकावलं तर तळ दिसत नव्हता. आमची या भागातल्या भाडेकरूंची समिती तेव्हापासून ओरडतेय की एवढ्या खोल खणताना शेजारच्या इमारतींना आधार द्या. ठेकेदार म्हणाला, दिलाय. कुठे दिलाय? कागदावर.

पहिली खूण बाटल्यांनीच दिली. जिनेवालीने त्या पलंगाखाली एका ओळीत, अंतर ठेवून निजवल्या होत्या. एका सकाळी पंप बंद केल्यावर तिला बारीक किणकिण ऐकू आली. वाकून पाहते तर सगळ्या बाटल्या घरंगळत एका बाजूला, खड्ड्याकडच्या भिंतीशी जमून एकमेकींना टेकल्या होत्या. तिने आधी उंदराला शिव्या घातल्या. मग नवऱ्याला. त्याने सांगितलं की हल्ली पलंग थरथरतो असं मलाही वाटतं. ही म्हणाली, तुम्ही घोरता म्हणून थरथरतो. तो हसला आणि कामावर गेला.

तिने बाटल्या पुन्हा जागच्या जागी निजवल्या आणि खालच्या अंगाला पुठ्ठ्याची घडी सारली. काही दिवसांनी पुठ्ठा पुरेना, म्हणून त्यावर दुसरा. मग लाकडाची पट्टी. नवऱ्याने वखारीतून पाचर तासून आणली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती. बाटल्या पुन्हा कशा अगदी सपाट. जमीन कलली होती आणि ही बाई त्या जमिनीवर बाटल्यांपुरती सपाटी तयार करत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. हलता कामा नयेत असं सांगितलंय, आणि हलल्या तर दोष आपला.

दार अडकायला लागलं, तर नवऱ्याने रंधा मारला. पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. दाराची खालची कड तिरकी झाली, पण दार उघडायचं कसं, लोण्यासारखं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या भिंतीला केसासारखी चीर गेली. तिने ती साबण आणि चुन्याने बुजवली आणि वरून हात फिरवला. चीर परत उघडली. तिने परत बुजवली. रोज सकाळी पायऱ्यांवर पांढरी पूड पडलेली असायची, ती कुणी उठायच्या आत गोळा करून जिनेवाली पंपाजवळच्या गटारात ओतून टाकायची.

मी त्याच सुमारास दारोदार फिरत होतो. कुणाकडे भिंतीला तडा आहे का, फरशी उचलली का, दारं अडकतात का. वरच्यांनी सांगितलं, छे, आमची इमारत जुनी पण ठणठणीत. मी खाली गेलो. जिनेवालीने मला उंबऱ्यावरच उभं केलं. काही नाही म्हणाली. मी म्हटलं, मावशी, खड्डा तुमच्या भिंतीला लागून आहे, सगळ्यात आधी तुम्हालाच कळणार. तेव्हा ती फाडकन म्हणाली, "दादा, तुमचा मोर्चा झाला की तुम्ही तुमच्या घरी जाल. इमारत रिकामी करा म्हणून सांगितलं तर वरच्यांना कुठेतरी जागा मिळेल. मला कोण देणार? मी कुठल्या मजल्यावर राहते ते सांगा बरं."

मी जिना चढून रस्त्यावर आलो. मला सहसा गप्प बसवता येत नाही कुणाला.

आमच्या अर्जाचा रेटा एवढा झाला की इमारती तपासणारे साहेब शेवटी आले. हातात बॅटरी, पायात चकचकीत बूट. जिना चढले, उतरले. भिंतीला अंगठा लावून पाहिला. चुना गुळगुळीत. पायऱ्या लख्ख. तळघरात आले, दार एका बोटाने ढकललं, उघडलं. खोलीत त्यांनी पाहिलं तर पलंगावर गादी, गादीवर दुमडलेली चादर, आणि चादरीत दारूच्या बाटल्या ओळीने निजलेल्या. कारण तोवर पाचरही पुरेनाशी झाली होती. जमिनीवर ठेवलेली बाटली किणकिणायचीच. गादीवर आवाज होत नाही, म्हणून जिनेवालीने बाटल्या पलंगावर घेतल्या होत्या आणि नवरा-बायको खाली चटईवर निजत होते. नवरा म्हणाला होता, एवढी वर्षं झाली, मला कधी असं पांघरूण घातलं नाहीस.

साहेब हसले. काय मावशी, मजा आहे तुमची, म्हणाले. शेरा मारून गेले की इमारतीला धोका दिसत नाही. मी बाहेर उभा होतो. मला वाटलं साहेबाला ठेकेदाराने खिशात घातलाय, आणि मी तसं चारचौघांत बोललोही. तसं नव्हतं. त्या माणसाला जे दाखवलं ते त्याने पाहिलं. दोन माणसांनी मिळून त्या इमारतीचं दुखणं असं झाकलं होतं, की अंगठ्यालाच काय, डॉक्टरी नळी लावली असती तरी सापडलं नसतं.

त्या दिवशी जिनेवाली निवांत झाली. खोली वाचली. दुपारी जेवून ती चटईवर आडवी झाली, उशी पलंगावर बाटल्यांना लावलेली म्हणून बिनउशीची, कान थेट फरशीवर. नवरा कामावर. पंप बंद. आणि तिला ते ऐकू आलं.

नंतर तिने मला सांगितलं ते असं. यंत्राचा आवाज तर रोज यायचा, हवेतून, झरोक्यातून. हा तो नव्हता. हा खालून येत होता. आधी घरघर, मग मध्येच थांबायचा, आणि थांबल्यावर काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं. रेती ओतावी तसं. पोत्यातून बारीक रेती ओतत राहावी आणि पोतं संपूच नये. तिने फरशीवर तळवा ठेवला. फरशी गरम नाही, गार नाही, पण जिवंत लागत होती. ती उठून बसली. पुन्हा कान लावला. पुन्हा तेच.

तिने ते नवऱ्याला सांगितलं. त्यानेही गुडघ्यांवर बसून तळवे टेकले. ऐकू येत नसलेल्या माणसाला हाताने फार कळतं. तो तळवे सरकवत कोपऱ्यापर्यंत गेला. मग हळू आवाजात म्हणाला की करवतीखाली लाकूड मधून चिरायच्या आधी असंच लागतं. दोघांनी त्यावर काही ठरवलं नाही. ठरवणार काय? बोललं तर खोली जाते. न बोललं तर खोलीसकट आपण जातो. तिने सकाळी उठून पूड गोळा केली आणि गटारात ओतली, रोजच्यासारखी. हे मला समजायला वेळ लागला. भीती वाटली म्हणून माणूस सवय सोडत नाही. भीतीत तर ती जास्तच घट्ट धरतो.

मग दातवाल्या बाई खाली आल्या. मेजवानी जवळ आली होती, एक बाटली चाखून बघायची होती. आदल्या दिवशीच त्यांनी निरोप दिला होता की एक बाटली उभी करून ठेव, म्हणजे गाळ तळाला जाईल. जिनेवालीने ती कोपऱ्यात, भिंतीच्या आधाराने उभी ठेवली होती. बाईंनी ती अलगद उचलली, बॅटरीच्या उजेडासमोर धरली आणि त्यांचं तोंड उतरलं. आत गढूळ. तळाला काही बसलेलंच नाही, सगळा गाळ धुरासारखा वर तरंगतोय. दुसरी पाहिली, पलंगावरची. तीही तशीच. त्यांनी तिथेच बूच काढलं, पेल्यात ओतून घोट घेतला आणि रुमालात थुंकला.

मग त्या सुरू झाल्या. तुला एवढं सांगून ठेवलं होतं. पोरंबाळं येऊन खेळली का? तुझ्या नवऱ्याने हात लावला का? एक काम सांगितलं होतं, फक्त पडून राहू द्यायचं होतं, तेवढंही जमलं नाही. अशा भारी बाटल्या, माझ्या भावाला मी काय सांगू?

जिनेवालीने आयुष्यभर बोलणी खाल्ली होती, ती खाली मान घालून. पण तिने त्या बाटल्यांसाठी पलंग सोडला होता. पाचरी लावल्या होत्या, उशी दिली होती. काम चुकलं असतं तर ती गप्प बसली असती. काम चुकलं नव्हतं.

"मी नाही हलवल्या, बाई," ती म्हणाली. "इमारत हलतेय."

बाई थांबल्या. जिनेवालीही थांबली असावी, कारण तोंडातून निघालेलं वाक्य तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. मग एकदा निघालं ते निघालंच. तिने चादर ओढून दाखवली, पाचरी काढून दाखवल्या, दाराची तासलेली कड दाखवली, बाईंचा हात धरून फरशीवर टेकवला. बाईंनी हात झटकन मागे घेतला आणि इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाल्या, "असं कुठे बोलू नकोस हं. लग्न होऊन जाऊ दे."

हे ऐकून जिनेवालीला काय वाटलं ते ती सांगत नाही. तिने काय केलं ते मात्र सगळ्या इमारतीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने जिना झाडला नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोक कामाला निघाले तर पायऱ्या पांढऱ्या. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत पूड आणि मधल्या वळणावर लिंपणाचे ढलपे, कारण तिने सुरीने आपलंच लिंपण उकरून काढलं होतं. ज्या चिरेवर तिने हात फिरवला होता तिच्यात आता बोट जात होतं. लोकांनी आधी जिनेवालीच्या नावाने ओरडायला तोंड उघडलं. मग आपल्याच पावलांचे ठसे पायरीवर उमटलेले बघून ती तोंडं हळूहळू मिटली. कुणीतरी मला बोलावलं. मी त्याच साहेबांना घेऊन आलो. त्यांनी चिरेत बोट घातलं, आणि या वेळी हसले नाहीत.

इमारत रिकामी झाली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते आधी गेले, बाकीचे मागून. रिकाम्या करायच्या घरांच्या यादीत तळघर नव्हतं. आम्ही त्यावरून साहेबांच्या ऑफिसात दोनदा भांडलो, एकदा मला बाहेर काढलं. जिनेवाली नवऱ्याला घेऊन नणंदेकडे गेली. पलंग, पेटी, भांडी, सगळं हातगाडीवर. दातवाल्या बाईंचं लग्नघर एका हॉटेलात हललं. ती गढूळ वाइन कुणी प्यायली की ओतली, मी विचारलं नाही.

आणि मग काहीच झालं नाही. इमारत पडली नाही. ठेकेदाराने खड्ड्याच्या बाजूला चार लोखंडी खांब तिरके लावले, त्यांना पिवळा रंग दिला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. रोज लोक येऊन लांबून बघायचे. उभी आहे की. दिवस गेले तसं दुसऱ्यांच्या घरात राहून लोक कंटाळले. बघू, म्हणत एकेक कुटुंब परतलं. साहेबांनी कागदावर आधाराचे खांब लावल्याची नोंद केली. मी सभा घेतली. सभेला मी आणि चहावाला.

दातवाल्या बाई परतल्या आणि त्यांनी जिनेवालीला निरोप धाडला की जिना फार घाण झालाय, ये, तुझी खोली आहे तशी आहे. नणंदेच्या घरात तोवर कपबशा आपटून ठेवायला सुरुवात झाली होती. मी जाऊन सांगितलं, जाऊ नका. भांडलोच खरं तर. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की दुसरी खोली आणलीय का. आणली नव्हती.

ती परत गेली. मी सोबत गेलो, निदान दारापर्यंत. दार पुरतं उघडेना, नवऱ्याने खांदा लावून फट केली आणि दोघं आत शिरली. तिच्या हातात एक पिशवी होती. एक जोड कपडे, एक पातेलं, दोन ताटल्या. मी विचारलं, बाकीचं सामान मागून येणार का? ती झाडू शोधत राहिली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दातवाल्या बाई. पोटाशी खोकं, पायाने पायरी चाचपत. मुलीच्या सासरचं माणूस जेवायला यायचं होतं, भावाने पुन्हा बाटल्या पाठवल्या होत्या, आणि वर तशीच भट्टी. मागचं सगळं विसरून त्या लाघवीपणे म्हणाल्या की दोनच दिवस गं.

जिनेवाली दाराच्या फटीत आडवी उभी राहिली. आवाज चढवला नाही. शेजारून यंत्राची घरघर सुरू होती, आणि तिच्या खांद्यावर वरून बारीक पांढरं काहीतरी पडत होतं. तिने ते झटकलं नाही.

"खाली काही ठेवू नका, बाई," ती म्हणाली. "मीसुद्धा काही ठेवलेलं नाही."

 बाई खोकं घेऊन वर निघाल्या, भिंतीपासून जरा लांबून.